मिठाच्या डब्यावरची अक्षरं

लोहारा, यवतमाळ
९ जानेवारी २०२४

ती. आत्या,

तुझं कार्ड पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडून बोलते, आणि शेजारच्या बबिताकाकू भिंतीपलीकडून विचारतात की भांडण कोणाशी चाललंय. त्यापेक्षा लिहिते. तसंही मला लिहायला शाळेनं नाही, तूच शिकवलंस. आई गेल्यावर ओट्याखाली पाटी घेऊन बसवायचीस आणि म्हणायचीस, तोंडानं सांगता येत नाही ते लिहून दाखव.

बाबांना जाऊन बेचाळीस दिवस झाले. दोन गोष्टी आहेत. दोन्ही सांगायला लाज वाटते, कारण मी औषधशास्त्रात एम. फार्म. करते आहे आणि अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही.

पहिली अशी. थंडी आहे म्हणून मी बाबांची गोधडी पांघरते. दर वेळी मनगटांना आणि मानेला खाज सुटते, आग होते. गोधडी दोनदा धुतली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, मनाचं असेल. बाबांच्या खोलीत नुसतं बसलं तरी हात खाजतात.

दुसरी गोष्ट डब्याची. तांदळाच्या कोठीमागे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात मी मीठ ठेवत होते. परवा कोठी सरकवली तेव्हा डबा पहिल्यांदा उजेडात आला. भिंतीकडच्या बाजूला निळ्या रंगानं 'मीठ' लिहिलं आहे. बाबांचं अक्षर. शिरोरेघ एका फटक्यात ओढलेली, वेलांटी पूर्ण गोल, दुकानांच्या पाट्या रंगवताना ते काढायचे तशी. आत्या, चार वर्षांपासून त्यांचा हात थरथरत होता. बशीतला चहासुद्धा सांडायचा. नोव्हेंबरात जेवताना थोडं कमी सांडायचं, ते मी गोळ्यांमुळे समजले. पण ब्रश?

दसऱ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत तू इथे होतीस. तुला काही माहीत आहे का?

तुझी सलोनी


मुकुटबन
१८ जानेवारी २०२४

चि. सलोनीले आत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन भावसिंग म्हणे, आजी, या गावात मनीऑर्डरी बंद झाल्या, पत्रं बंद झाली, तुमच्या एकीपायी मले गाडी काढा लागते. मी म्हटलं, मंग पगार कायचा घेतं?

डब्याचं मनावर घेऊ नको. जुना असन. किसनानं, तुया बापानं, जवानीत घरातलं काय काय रंगवलं नाही? मीटरची पेटी, माठाचं झाकण, एकदा तं बकरीच्या शिंगावर नंबर टाकला होता.

गोधडी मात्र अंगावर घेऊ नको. धुवू बी नको, पाण्यानं आणखी पसरन. पोत्यात भर, तोंड बांध आणि मुकुटबनच्या एसटीत कंडक्टरजवळ दे. मी पाहून घेईन. हाताले मलम लावून काही होत नाही. ओलं शेण नाही तं चिखल लाव, वाळू दे, मंग झाडून टाक.

बाप मेल्यावर पोरीले असं होतेच. भुतंबितं काही नसते. जेवत जाय.

आत्या


लोहारा
२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

डबा जुना नाही. ऑक्टोबरात बबिताकाकूंकडे पाहुणे आले होते, त्यांनी आणलेल्या बिस्किटांचा तो डबा. मी रिकामा मागून आणला. म्हणजे जे लिहिलं ते ऑक्टोबरनंतर लिहिलं.

आता मी तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. मीठ मी कोठीमागे का ठेवत होते, ते तू विचारलं नाहीस. बाबांपासून लपवलं होतं.

जुलैत दवाखान्यात त्यांचं बीपी एकशेसाठ निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. कमी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. मी जवळजवळ बंदच केलं. लोणचं, पापड, ठेच्यातलं मीठ, सगळं. रोज सकाळी त्यांना खुर्चीत बसवून बीपी मोजायचे आणि वहीत लिहायचे. आकडा उतरत गेला तशी मी खूश होत गेले. दिवाळीनंतर एकशेदहा.

ते गेले त्याच्या चार दिवस आधी मी कॉलेजातून लवकर आले. बाबा ओट्याजवळ उभे होते. माझ्या वाटीतलं मीठ बोटाला लावून चाटत होते. मी वाटी हातातून काढून घेतली. म्हणाले, "मले आतून खारं मागते वो सलोनी. नुसतं जिभेचं नाही." मी त्यांना लहान मुलाला बोलतात तसं बोलले. काय बोलले ते लिहिता येत नाही. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि बाहेर जाऊन बसले.

मग अठ्ठावीस तारखेला सकाळी मी प्रॅक्टिकलला गेले, ते बाजेवरून उठले आणि पायरीवर पडले. दवाखान्यात म्हणाले, उठताना बीपी एकदम पडलं असेल. ते मी पाडलं होतं, आत्या. पाच महिने रोज थोडं थोडं. आणि आता डब्यावर त्यांच्या अक्षरात लिहून आलं आहे की काय कमी पडलं ते.

त्या दिवसापासून मी मीठ खात नाही. हे कोणाला सांगू नकोस.

सलोनी


मुकुटबन
११ फेब्रुवारी २०२४

सलोनी,

डब्यावर मी लिवलं. मलेच आठवलं नाही. तू कॉलेजात गेली की मले काम नसे, किसनाचा ब्रश सापडला, लिवलं. झालं आता?

मीठ खाय. डॉक्टरनं सांगतलं ते तू केलं, त्यात तुया काय गुन्हा. गोधडी काहून पाठवली नाही अजून?

आत्या


लोहारा
२६ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

तू लिहिलं नाहीस. तुझी अक्षरं गिरवत मी मोठी झाले. तुझ्या अक्षरांना वरची रेघ नसते, तू म्हणायचीस रेघेला वेळ कोणाजवळ आहे. माझ्याशी खोटं का बोललीस, याचा मी आठ दिवस विचार केला.

मग चिखल आठवला. तू शेण नाही तर चिखल लावायला सांगितलंस. आमच्या विभागातल्या शिपाईमामांना झाडपाला ओळखता येतो; त्यांना मी सहज विचारलं, कोणत्या खाजेवर चिखल लावतात. ते लगेच म्हणाले, रानातल्या कुयलीच्या.

मी गोधडीच्या शिवणीतला कापूस चिमट्यानं काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तपकिरी, टोकदार, सुईसारखे केस. विभागातल्या नमुन्यांच्या कपाटातल्या खाजकुयलीच्या शेंगेवरचे केस शेजारी ठेवून पाहिले. तेच होते. खोलीत भूत नाही, हे कळलं. पण त्यानं बरं वाटलं नाही.

कुयलीच्या बीमध्ये काय असतं ते मला पाठ आहे. बाबांच्या कंपवाताच्या गोळीत जे असतं, तेच.

कुयली आपल्या घरात कशी आली?

माझी तब्येत ठीक आहे.

सलोनी


लोहारा
४ मार्च २०२४

रुखमाबाईंना बबिताचा नमस्कार.

तुमचा पत्ता सलोनीच्या टेबलावरून घेतला, तिला सांगितलं नाही. पोरगी ठीक नाही. मागच्या महिन्यात कॉलेजात पडली, कपाळाला दोन टाके आहेत. काल आमच्या दारात उभ्याउभ्या डोळे पांढरे केले. मी भाजी नेऊन दिली तर पाण्यानं धुऊन खाते. विचारलं तर म्हणते, काकू, मला खारट लागतं. तिच्या घरात जेवणाला मिठाचा कण नाही.

तिचं ऐकणारं आता तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहिलं.

बबिता


मुकुटबन
९ मार्च २०२४

सलोनी,

हे पत्र वाचण्याआधी ताकात मीठ घालून पी. मंग वाच. पिली नसशील तं पुढं वाचू नको, तुले माही शपथ आहे.

कुयली मी आणली.

आमच्या इथल्या पोडावर, कोलामांच्या वस्तीत, हंसाबाई कोलामीण आहे. तिच्या सासऱ्याचा हात असाच हलत होता. तिनं बी दुधात उकडून, साल काढून, वाळवून पूड करून दिली तं तो म्हातारा बांबूची टोपली विणू लागला. मी डोळ्यानं पाह्यलं. तुले सांगतलं असतं तं तू वही काढली असती, हजार सवाल केले असते आणि नाही म्हटलं असतं. म्हून दसऱ्याले येताना शेंगा फडक्यात बांधून आणल्या. तू कॉलेजात गेली की किसनाच्या बाजेवर, त्याच गोधडीवर बसून सोलत होती. हाताले चिखल लावून. केस कुठं कुठं उडतात ते आपल्याले दिसत नाही.

पूड तो सकाळच्या दुधात घेत होता. तुया गोळ्या बी घेत होता. आम्ही दोघंही तुयापासून लपवत होतो. तुयासमोर तो हात शालीत घालून बसे, म्हणे पोरीले कळलं तं बंद करन.

भाऊबीजेले मी त्याले ओवाळलं. त्यानं ताटात काही टाकलं नाही. हात सरळ पुढं धरला, निरांजनाच्या वर. म्हणे, बाई, पाह्य. ज्योत हलत होती. हात हलत नव्हता. चार वर्षांत मले त्यानं यापेक्षा मोठी ओवाळणी दिली नाही.

त्याले उठताना चक्कर येत होती हे मले माहीत होतं. लघवीले घडीघडी जात होता. मी म्हटलं, थंडी आहे. मी निघाली तवा डबीभर पूड ठेवून आली, आणि तो गेल्यावर तेरवीले आली तवा ती डबी तुयाआधी उचलून नेली. ते तुले कधी सांगणार नव्हती. त्याचं जेवण तू येगळं वाढत होती, मले वाटलं मीठ नुसतं कमी केलं; पार बंद केलं हे मले तुया पत्रानं कळलं. तवापासून मले बी झोप नाही.

आता तुया बापाचं काय झालं ते तुले समजते. मले समजत नाही. तू शिकलेली आहे. मीच मारलं असन तं तसं लिव. मी वाचीन.

आत्या


लोहारा
१४ एप्रिल २०२४

ती. आत्या,

ताक पिऊन तुझं पत्र वाचलं. मग महिनाभर ते मिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. तुझा राग आला होता. आता गेला असं लिहिणार नाही, पण त्याच्यासोबत बसता येतं.

तू विचारलंस म्हणून मी निलोफर मॅडमकडे गेले. त्या आम्हाला औषधांची शरीरातली क्रिया शिकवतात. नाव न घेता एका रुग्णाची गोष्ट म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसून मोजलेलं बीपी सांगितलंस. उभं करून किती होतं?" मी उभं करून एकदाही मोजलं नव्हतं. एकशे बेचाळीस दिवसांची वही आहे माझी, आणि त्यात बाबा एकदाही उभे नाहीत.

मग त्यांनी समजावलं ते तुला लिहिते, सावकाश वाच.

आपण डोपामिनला डोक्यातलं द्रव्य म्हणतो. बाबांच्या डोक्यात ते कमी पडलं म्हणून हात थरथरत होता. गोळीत आणि कुयलीत त्याचा कच्चा माल असतो, त्यापासून डोकं ते बनवतं. पण हा कच्चा माल रक्तातून सगळीकडे फिरतो आणि मूत्रपिंडही तो उचलतं. मूत्रपिंड आपलं डोपामिन आपणच बनवतं, डोक्याला विचारत नाही. रक्त गाळताना ते पुष्कळ मीठ आधी बारीक नळ्यांत सोडतं आणि मग वाटेत जवळजवळ सगळं परत उचलून घेतं. त्या नळ्यांच्या पेशींवर डोपामिन ओळखणाऱ्या जागा असतात, ग्राही म्हणतात त्यांना. डोपामिन तिथे बसलं की मीठ उचलणारं काम मंदावतं. मीठ लघवीतून जातं, मिठामागे पाणी जातं. रक्तवाहिन्याही सैल पडतात. माणूस उठून उभा राहतो आणि डोक्याकडे चढायला रक्त पुरत नाही.

डोक्यात त्यानं बाबांचा हात थांबवला. मूत्रपिंडात मीठ उचलणं थांबवलं. एकाच सकाळी, एकाच दुधातून. आणि खालून मीठ जात असताना वरून मी ते देत नव्हते. 'आतून मागते' म्हणाले तेव्हा बाबा बरोबर सांगत होते. मी ज्या विषयाची परीक्षा देते, त्याचं उत्तर ते माझ्यासमोर उभे राहून देत होते.

पण मॅडमनी एक गोष्ट तीनदा सांगितली. हेच कारण, असं म्हणता येत नाही. या आजारात मुळातच उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. बीपीची गोळी होती, वय होतं, पायरी होती. पुडीत नेमकं किती होतं ते कोणालाच माहीत नाही. रुग्ण कोण ते ओळखून त्या म्हणाल्या, तुला एक गुन्हेगार हवा आहे म्हणून शास्त्र तो देणार नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मला माहीत नाही. तू एकटीनं मारलं नाहीस, मी एकटीनं मारलं नाही. तुझी पूड मला माहीत असती तर मी मीठ बंद केलं नसतं. मी मीठ पार बंद केलं हे तुला माहीत असतं तर तू चक्करेला थंडी म्हटलं नसतंस. घर दोन खोल्यांचं आणि आपण तिघं एकमेकांपासून लपवत होतो.

उरलेली पूड कोणाला देऊ नकोस. हंसाबाईला बोल लावू नकोस, तिला गोळ्यांचं कोणी सांगितलं नव्हतं.

एकच विचारते, आणि आता खरं लिही. डब्यावर त्यांनी कधी लिहिलं? त्यांना मीठ सापडलं होतं, मग त्यांनी ते खाल्लं का? खाल्लं असेल तर मला थोडी झोप येईल.

सलोनी


मुकुटबन
२५ एप्रिल २०२४

सलोनी,

तू आपण तिघं लिवलं, ते वाचून मी खूप वेळ अंगणात बसली. भावसिंगनं विचारलं, आजी, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही.

खरं लिवते. हे लिवू नये असं वाटत होतं.

डबा त्याले भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सापडला. म्हणे, बाई, पाह्य माही पोरगी, मले चोर समजून राह्यली. हासला. मंग जुना निळा रंग काढला, रॉकेलमध्ये ब्रश भिजवला. डबा मी धरला होता. त्याचा हात नाही, माहाच हलत होता. मले म्हणे, नीट धर वो. एका दमात लिवलं. चार वर्षांनी पहिलं अक्षर आणि शेवटचं बी तेच.

डबा ठेवताना अक्षर भिंतीकडं केलं. मी म्हटलं, काहून? म्हणे, सापडन तवा सापडन तिले. तिले कळन की बापाचा हात सरळ झाला, आणि बाप येडा नाही. हासन मंग.

मीठ त्यानं खाल्लं नाही. मीच म्हटलं, घे चिमूटभर, कोण पाह्यते. म्हणे, राहू दे. तिनं नियम केला आहे. त्या मोठ्या डब्यातलं त्यानं कधी घेतलं नाही. वाटीतलं तू पाह्यलं तेवढंच, ते बी लय मागत असन आतून तवा.

तुले झोप येणार नाही हे वाचून. पण तू खरं मागतलं.

तीजेले पान वाढशील त्याले. मी येऊ शकत नाही, ऊन लय आहे आणि गुडघे गेले. माह्या वाटचं बी तूच वाढ.

आत्या


लोहारा
११ मे २०२४

ती. आत्या,

काल अक्षय तृतीया झाली. मातीचा करा भरून ठेवला, पुरणपोळी केली, चिंचवणी केली, वरण-भात केला. बबिताकाकू मदतीला होत्या. पान वाढून झाल्यावर मी कोठीमागचा डबा काढला आणि पानाच्या वरच्या टोकाला मीठ वाढलं. काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पितराच्या पानावर वरून मीठ नाही वाढत, माय. चालत नाही."

"बाबांना वाढते," मी म्हटलं.

त्यांनी हात सोडला आणि पाण्याचा तांब्या नीट ठेवल्यासारखं केलं.

मी हसेन म्हणून बाबा लिहून गेले होते. मी हसले नाही. मला अजून ते ओट्याजवळ दिसतात, बोट पुसताना. दुपारी कूलर बंद केला की बाज करकरल्यासारखी वाटते आणि मी पायरीकडे बघते. हे जाईल असं मला वाटत नाही. गोधडी मात्र परवा पोत्यात बांधून कंडक्टरजवळ दिली आहे, उतरवून घे. हाताला चिखल लावूनच उघड.

पुढच्या महिन्यापासून आमचं दवाखान्यात काम असतं, गोळ्या घेणाऱ्यांशी बोलायचं. मागच्या आठवड्यात सरावाला गेले तर कंपवाताचे एक काका होते, वणीकडचे. मी त्यांचं बीपी बसवून घेतलं आणि मग उभं करून घेतलं. आणखी काय घेता विचारलं तर म्हणाले, काही नाही. मग मी विचारलं, तुमची बहीण काय देते? त्यांच्या बायकोनं पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

पान गाईला दिल्यावर मी जेवायला बसले. डबा समोर ठेवला होता, अक्षर माझ्याकडे करून. माझ्या वरणात मीठ कमी होतं. मी डब्यात हात घातला आणि घेतलं. किती घेतलं ते मोजलं नाही.

तुझी सलोनी